पिल्लूच्या खात्यातले प्राध्यापक

विद्यापीठाने निवृत्त केलेल्या, परंतु संतापाने अद्याप सेवेत ठेवलेल्या प्राध्यापकांना त्या रात्री एका जुन्या संगणकाने झोपायला पाठवले. साडेआठ वाजले होते, जेवणही व्हायचे होते. पडद्यावर जांभई देणारे एक अस्वल उगवले आणि त्याच्या पोटाखाली अक्षरे आली : 'पिल्लू, आजची वेळ संपली. शुभ रात्री.'

"अगं, हे मला पिल्लू म्हणतंय!"

"मग आवरा," आतून त्यांच्या पत्नीचा, म्हणजे बाईंचा, आवाज आला. "दूध पिऊन झोपा."

यंत्र सकाळीच कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडून विकत आणले होते. त्याच्या पूर्वीच्या मालकिणीने त्यात दोन खाती उघडली होती. 'आई' या खात्याकडे सर्व सत्ता होती, 'पिल्लू'कडे चित्रकला, बेरजा आणि मोजून दिलेला वेळ. पिल्लूच्या खात्याला पासवर्ड नव्हता, म्हणून तेवढेच उघडत होते. कोणताही नवा प्रोग्राम घालू गेले की अस्वल बोट वर करून सांगे, 'आईला बोलाव आणि तिचा पासवर्ड टाकायला सांग.' ग्रंथबंदीच्या इतिहासाचे तीन खंड लिहिलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावे लागत होते. राजांनी, धर्मपीठांनी आणि सरकारांनी वाचकांना पिल्लू समजून काय काय दडपले, याची साधार नोंद त्यांनी थंड डोक्याने आणि तापलेल्या लेखणीने केली होती. अस्वलाचा उल्लेख त्यांत कुठे नव्हता.

प्रोग्राम हवा होता बाईंना. त्यांनी उभे आयुष्य मुद्रितशोधनात घालवले होते, आणि गेल्या वर्षी त्यांच्या नजरेचा मधलाच भाग गेला. कडेचे दिसे, ज्या ओळीकडे पाहावे नेमकी तीच नाहीशी होई. तेव्हापासून प्राध्यापक त्यांना रोज दुपारी वाचून दाखवत. आता ग्रंथालयाने पुस्तके मोठ्याने वाचणारा प्रोग्राम आणि काही ग्रंथ, त्यांत सध्या चाललेली कादंबरीही, पेनड्राइव्हवर दिले होते. बाईंना केव्हाही, कितीही, कुणाचा घसा न सुकवता वाचायचे होते.

प्राध्यापकांना मात्र ते यंत्र चालू होऊ नये असे वाटत होते. एक कारण सरळ होते : दुपारची ती दोन तास चालणारी बैठक हे त्यांचे उरलेले एकमेव अध्यापन होते. दुसरे कारण त्यांनी कुणालाही सांगितले नसते. सध्याच्या कादंबरीचे दहावे प्रकरण त्यांनी गाळले होते. पहिल्याच परिच्छेदात एक म्हातारी सकाळी उठते आणि तिला खिडकी दिसत नाही. तेवढे नजरेखालून जाताच प्राध्यापक खोकले, पाणी प्याले आणि त्यांनी अकरावे सुरू केले.

"हिच्या हातात काठी कुठून आली मध्येच?" बाईंनी विचारले होते.

"लेखक निष्काळजी आहे," प्राध्यापक म्हणाले होते, आणि मग समकालीन कादंबरीच्या ऱ्हासावर त्यांनी अर्धा तास खर्च केला होता.

दुसऱ्या दिवशी दोघे यंत्र घेऊन दुकानात गेले. दुरुस्तीवाल्याने ते काउंटरवर जोडले आणि मान हलवली. "सर, फॉरमॅट मारतो. सगळं पुसून कोरं करकरीत. आठवडाभर राहू द्या माझ्याकडे."

"राहू द्या की! महिनाभर राहू द्या," प्राध्यापक उदारपणे म्हणाले.

"पुसायचं नाही," बाई म्हणाल्या. "पोरीची चित्रं असतील त्यात. आधी तिच्या आईला विचारा."

"काकू, विकलं म्हणजे नको असेल ना?"

"तुम्ही फोन तर लावा."

लागला. आवाज मोठा करून फोन काउंटरवर ठेवला. पलीकडची बाई रुग्णवाहिका चालवत असे; नुकतीच घरी आली होती. चित्रे आत राहिली हे ऐकून ती हळहळली, पासवर्ड द्यायलाही तयार झाली, पण तो तिला आठवेना. तेवढ्यात तिच्या मागून एका तरुण मुलीचा आवाज आला.

"अगं, तुझ्या पहिल्या गाडीचा नंबर. उलटा."

"तुला गं कसा माहीत?"

"दुसरीत असल्यापासून माहितेय."

"मग साडेआठला गुपचूप बंद करायचीस ती?"

"तू यायचीस ना बघायला. पांघरूण नीट करायचीस, जायचीस. मग लावायचे परत."

"कार्टे!"

"तुला बरं वाटायचं गं, पोरगी ऐकते म्हणून."

बाई इतक्या हसल्या की दुरुस्तीवाल्याने त्यांना स्टूल दिले. मुलीने चित्रे न्यायला रविवारी येते म्हणून सांगितले आणि एकेक आकडा उच्चारला. कळफलकावर प्राध्यापकांची बोटे होती. शेवटचा आकडा सात होता. 'आठ' ऐकू आला असे म्हणता आले असते. दुकानात गोंगाट होता, त्यांचे वय होते, आणि फोन ठेवला गेला होता. त्यांनी बाईंकडे पाहिले. त्या पडद्याच्या कडेकडे, म्हणजे जिकडे पाहिले की त्यांना पडदा दिसे तिकडे, बघत होत्या. प्राध्यापकांनी सात दाबला.

संध्याकाळी घरी प्रोग्राम बसला. यंत्राने घसा न खाकरता विचारले, कोणते प्रकरण?

"दहावं," बाई म्हणाल्या.

"ते झालंय," प्राध्यापक घाईने म्हणाले.

"तुमचं झालंय. माझं राहिलंय."

प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. "तुला त्रास होईल म्हणून…"

"तुम्ही तरी वाचलंत का सगळं?"

"पहिला परिच्छेद."

"अहो! न वाचता पुस्तकं बंद करणाऱ्यांना तीन खंड शिव्या घातल्यात तुम्ही."

प्राध्यापकांनी चष्मा पुन्हा चढवला. यंत्र वाचू लागले, एकसुरी, हजेरी घ्यावी तसे. म्हातारीला खिडकी दिसली नाही. प्राध्यापक उठू लागले; बाईंनी त्यांची बाही धरली. मग म्हातारीचा नवरा, तिला लागू नये म्हणून, घरभर फर्निचर सरकवत सुटला. प्रत्येक वस्तू नव्या जागी गेल्यामुळे ती प्रत्येक वस्तूवर आदळली, आणि अखेर तिने त्यालाच कपाटात कोंडून बाहेरून कडी घातली. 'उघड गं,' म्हातारा म्हणत होता, आणि यंत्र ते विनवणीशिवाय म्हणत होते. बाईंच्या डोळ्यांतून पाणी आले, हसून. प्राध्यापकांचा चष्मा खाली पडला तो त्यांनी उचललाही नाही.

प्रकरण संपले. बाईंनी यंत्र थांबवले.

"आता सहाव्यात काय काय गाळलंत, ते तुम्ही सांगता की यालाच विचारू?"

प्राध्यापकांनी खुर्ची जवळ ओढली. "सहाव्यात काही नाही," ते म्हणाले. "चौथ्यात. आणि थोडं आठव्यात."