डोंगराची आवड

ताईनं लग्नाच्या बायोडेटात आवडीसमोर 'ट्रेकिंग' लिहिलं, तिथून हे सुरू झालं. सुरतेत डोंगर नाही. 'पर्वत पाटिया' नावाचा भाग आहे, पण पर्वत फक्त नावात, बाकी साड्यांचे टेम्पो. पण सुरतेतल्याच उधन्याचं स्थळ आलं. आई म्हणाली, "पोऱ्या चांगला शे," आणि ताईलाही तो मनापासून आवडला. त्या चेतननं स्वतःचा सापुताऱ्याच्या धुक्यातला फोटो पाठवून विचारलं, "तुमचाही डोंगरावरचा एखादा पाठवा ना."

म्हणून रविवारी सकाळी आम्ही भेस्तानच्या मागं कचऱ्याचा डोंगर चढायला घेतला.

"आईला काय सांगितलंस, ललित?"

"हवा खायला चाललो."

खोटं नव्हतं. हवा चावून खावी लागत होती.

पायथ्याशी रंगाचं पाणी पिऊन फुगलेल्या चिंध्या. पाय दिला की पचक्. वर सडके टोमॅटो, डायपर, आणि एक मेलेलं काहीतरी, बकरी किंवा सोफा. मी वाकून पाहिलं. सोफाच होता. मग त्यातून अळ्या का पडत होत्या, कोण जाणे.

"मला उलटी होईल," ताई म्हणाली.

"डावीकडे कर. उजवीकडे फोटो काढायचाय."

"बोलू नकोस, तोंडात माशी जाईल."

माझ्या तोंडात गेलीच. आधी ती कुठं बसली होती याचा विचार न करता गिळली.

टोकावर तीन पायांची हिरवी खुर्ची होती, तिच्याखाली एका कानाचं कुत्रं. कचरा आतून जळत होता. धूर फोटोत धुक्यासारखा दिसत होता.

"हस ना, ताई."

"हसायला तोंड उघडावं लागेल."

मिटल्या तोंडाचा फोटो काढला. लगेच ताईनं ओढणीनं पुन्हा नाक दाबलं. शेजारी ठेवून बघायला तिनं चेतनचा फोटो उघडला आणि मोठा केला. त्याच्या खांद्यामागं हिरवी खुर्ची होती. तीन पायांची. कुत्रंही तेच, फक्त तेव्हा त्याला दोन कान होते.

"फसवतोय गं. नाही म्हणून टाक."

ताई फोटोकडं बघतच राहिली. ओठावर बसलेली माशीही तिनं हाकलली नाही.

"दात दिसतायत बघ त्याचे," ती म्हणाली. "इथं उभा राहून तोंड उघडून हसलाय हा माणूस."

मग तिनं नाकावरची ओढणी सोडली.

"परत काढ."

बत्तिशी दाखवून हसली. फोटो चांगला आला. मग ती घाईघाईनं डावीकडे वळली.