सात मिनिटं पुढे

नवा सर्व्हर बसवायचं समीक्षाचं दोन दिवसांचं काम आठवड्यावर गेलं. सोमाटण्याजवळच्या त्या पाणी शुद्धीकरण केंद्रात पंपांचं नेटवर्क मुद्दामच बाहेरच्या जगापासून तोडून ठेवलं होतं. इंटरनेट नाही, आत फोनही न्यायचा नाही. जे लागेल ते लोणावळ्याला घरी डाउनलोड करायचं, तपासायचं आणि पेनड्राइव्हवर आणायचं. आणि इन्स्टॉल करायला बसलं की सर्व्हर नेमकी न आणलेली फाइल मागायचा. की पुन्हा स्कूटर.

"आज काय विसरलं?" पंपघराचे निवृत्तीआबा विचारायचे. "ताई, तुमचं म्हंजे वऱ्हाड निघाल्यावर नवरदेव आठवायचा."

"हा शेवटचा नवरदेव, आबा."

हा सर्व्हर म्हणजे केंद्रातल्या माणसांची एकच यादी. कुठल्याही मशीनवर बसलं की मशीन यादीला विचारणार, हा माणूस आपला का? आजवर सगळे 'ऑपरेटर' या एकाच नावानं आत जायचे. शनिवारी सर्व्हरच्या खोलीतल्या मशीनवर आबा पहिल्यांदा स्वतःच्या नावानं गेले. पडद्यावर 'निवृत्ती नथू गराडे' उमटलं. आबांनी चष्मा सारखा करून ते दोनदा वाचलं.

"एकतीस वर्सांनी मशीनला माजं नाव कळलं. नातीला सांगतो."

सोमवारी सकाळी समीक्षा आली, तर आबा पंपघराबाहेर स्टुलावर बसलेले. जुनं कागदी रजिस्टर मांडीवर.

"काय झालं?"

"तीनदा केलं. आत घेत न्हाई." आबा रजिस्टरकडेच बघत होते. "नाव काढलं असंल. दिवाळीला रिटायर व्हायचोय, कशाला ठिवायचं?"

"कोण म्हणालं असं?"

"कुनी न्हाई. मशीनच म्हनलं."

समीक्षानं यादी उघडली. नाव जागेवर होतं. सर्व्हरच्या खोलीतल्या मशीनवर तिनं आबांना पासवर्ड टाकायला लावला. लगेच आत घेतलं. म्हणजे खोट पंपघरातल्या मशीनमध्ये. नोंदी चाळताना एक ओळ सापडली : वेळ जुळत नाही. सर्व्हरवर नऊ बारा, पंपघरात नऊ एकोणीस. जुनाच परवाना पुन्हा दाखवून कुणी आत शिरू नये, म्हणून पाच मिनिटांहून जास्त फरक सर्व्हर चालवून घेत नाही.

"आबा, या मशीनच्या घड्याळाला कुणी हात लावला?"

"मीच की. लाइट गेली की त्याचा टाइम मागं पळायचा, म्हनून चालू करतानाच भिंतीवरल्या घड्याळाशी जुळवतो. धा वर्सं झाली."

"आणि भिंतीवरचं पुढे का?"

"आमचा हनुमंता पायानं अधू. बसच्या फाट्यावर जायला त्याला सात मिन्टं जास्ती लागायची. त्याला एकट्याला लवकर सोडलं तर त्याला वाईट वाटायचं, म्हनून घड्याळच पुढं केलं. त्यो रिटायर झाला, घड्याळ तसंच ऱ्हायलं."

 समीक्षाच्या कॉलेजात प्रत्येक मशीनला वेळ न मागता इंटरनेटवरून मिळायची. इथं इतक्या फाइली वाहून आणल्या, पण वेळ कुठून येणार याचा विचारच केला नव्हता.

"चूक माझी आहे, आबा. तुमचं नाव कुणीही काढलेलं नाही."

सगळ्या मशीननी वेळ सर्व्हरकडून घ्यावी, अशी तिनं तासाभरात सोय केली.

"पण सर्व्हरला वेळ कोण सांगणार? दर सोमवारी गेटवर फोनशी हातघड्याळ जुळवून यायचं आणि सर्व्हर तपासायचा. कराल?"

"आन् दिवाळीनंतर?"

"तोवर तुम्ही कुणाला तरी शिकवा. मी शिकवलं तर लोक विसरतात."

आबा सकाळपासून पहिल्यांदा हसले. "भिंतीवरलं बी मागं करू?"

"नको. हनुमंतभाऊंचं आहे ते. मशीन आता त्याच्याकडे बघणार नाही."

आबा खुर्चीवर बसले. एका बोटानं एकेक अक्षर दाबलं. पडदा क्षणभर काळा झाला, मग नाव उमटलं.

"वाचा की, ताई."

"चष्मा विसरलात?"

"चष्मा हाय. पर तुमी वाचा."

तिनं मोठ्यानं वाचलं. वडिलांच्या नावासकट.