मांगरातली हायब्रीड

किरणने हायब्रीड गाडी घेतली आणि सीटवरचं प्लास्टिक फाटायच्या आत त्याचा पोर्तुगीज पासपोर्ट आला. अर्ज त्याने दोन्हींसाठी केला होता. गाडी आधी आली, एवढंच.

किरण माझा चुलतभाऊ. गोव्यात, कोरगावातलं आमचं घर, मागची काजूची बाग आणि रस्त्याकडचा मांगर, म्हणजे अवजारं-सामान ठेवायची कौलारू खोपी, हे सगळं आजोबांच्या नावावर. आजोबा वारले, त्यांचे दोन्ही मुलगे वारले, पण कागदावर आजोबा अजून ठणठणीत आहेत. वाटणी करावी असं आम्हाला कधी वाटलं नाही. एकत्र राहतो म्हणून नव्हे, वाटणीचा विषय काढणारा पहिला माणूस वाईट ठरतो म्हणून.

मांगर मात्र माझा, हे ठरलेलं होतं. काका, म्हणजे किरणचे वडील, शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा किरण पणजीला नोकरीत होता आणि त्यांचं सगळं माझ्या बायकोने, सुमंगलाने केलं. काका गेल्यानंतरच्या पहिल्या चवथीला किरण गणपतीपुढे नारळ ठेवून, चारचौघांच्या देखत म्हणाला, "मांगर मधुदादाक. वयनीन जां केला तां माका जमूचां नाय." आमच्याकडे गणपतीपुढे बोललेल्या शब्दाचा कागद करत नाहीत. कागद मागणं म्हणजे गणपतीवर अविश्वास.

सुमंगलाला त्या मांगरात काजू भाजून, सोलून विकायचा धंदा घालायचा होता. त्याचं शिक्षण ती फोंड्याला जाऊन घेऊन आली होती. बिया फोडायचं यंत्र तिच्या माहेरी, सातार्ड्याला, गोणपाटाखाली येऊन बसलं होतं. मांगराचं छप्पर नीट करून मे महिन्यात सुरुवात करायची, असा बेत होता. एप्रिलमध्ये, पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला कामाला जायच्या आधी, किरण गाडी घेऊन आला.

"दादा, फकत माझी गाडी ऱ्हवांदी. मी इंग्लंडातसून येयसर."

"आणि माझे काजू?" सुमंगलाने विचारलं.

"वयनी, काजू खंय पळतत? एक वरस. मांगर तुमचोच."

मग त्याने मला गाडी शिकवली. चालवायला नव्हे, उभी ठेवायला. हायब्रीड उभी ठेवणं हे चालवण्यापेक्षा अवघड काम आहे. तिला दोन बॅटऱ्या असतात. एक छोटी, आपल्या नेहमीच्या गाडीत असते तशी. दुसरी मोठी, मागच्या सीटखाली. छोटी उतरली तर मोठी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. मोठी फार दिवस तशीच पडून राहिली तर ती कायमची जाते, आणि मग गाडीपेक्षा बॅटरीचाच दुखवटा मोठा.

"दर आयतवारा अर्दो तास," किरण म्हणाला. "ब्रेकार पाय, मगे बटण. हिरवां 'रेडी' दिसाक व्हयां. नुसते दिवे पेटवून बसशीत तर छोटी बॅटरी सुकतली. गियर 'पी'रच. 'एन'र ठेवलंस तर चार्ज जायना. चावी मांगरात ठेवू नको, घरात ठेव. लागीं आसली तर गाडी रातभर तिच्याकडे बोलत बसता."

"कोणाकडे?"

"चावीकडे मरे."

मागच्या सीटच्या बाजूला एक जाळी होती. मोठी बॅटरी तिथून थंड हवा घेते, म्हणून ती जाळी धूळ साचू न देता पुसायची. उंदरांसाठी बॉनेटखाली डांबरगोळ्या. आणि हे सगळं झाल्यावर एक व्हिडिओ.

"व्हिडिओ कशाला?"

"बॅटरीच्या वॉरंटीक. गाडी सांभाळली म्हणून पुरावो लागता. कोणाची गाडी, खंय ठेयली, कोण पळयता, सगळां स्पष्ट उलय." वाक्यही त्यानेच सांगितलं. "आज अमुक तारीख. श्री. किरण परब यांच्या मांगरात, त्यांच्या सांगण्यावरून, मी त्यांच्या गाडीची देखभाल करत आहे."

"यांच्या मांगरात?" मी म्हणालो.

"दादा, कंपनीवाल्यांका सामायिक बिमायिक कळणा नाय. तेंका एकच मालक लागता."

मला ते पटलं. मी पेडण्याला एका हायर सेकंडरीत इतिहास शिकवतो. प्राथमिक साधन म्हणजे काय, ते अकरावीच्या मुलांना दर वर्षी समजावून सांगतो.

तर दर रविवारी मी आंघोळ करून, चावी घेऊन मांगरात जायचो. बटण दाबलं की हिरवा 'रेडी' उजळायचा आणि पुढे काहीही व्हायचं नाही. ना आवाज, ना थरथर. मी एसी लावून स्टिअरिंगमागे बसलेला. मध्येच कधीतरी बॅटरी खाली आली की इंजिन आपसूक सुरू व्हायचं आणि बाहेरच्या कोंबड्या ओरडत पळायच्या.

शेजारचे बाबुराव या वेळेला मुद्दाम रस्त्यावरून जात.

"मास्तर, खंय पावलात?"

"बांद्याक."

"ट्राफिक आसा?"

"ना."

"मगे कोल्हापुरापर्यंत वचून येयात. आंबाबायेक माझो नमस्कार सांगात."

एक वर्षाची दोन झाली, दोनाची तीन. किरण दर रविवारी दुपारी अंगठा पाठवायचा. एखाद्या आठवड्यात व्हिडिओ राहिला तर लगेच फोन यायचा. एकदा मला तापाने पडून उठवत नव्हतं, तेव्हा त्याने विचारलं, "दादा, बरां आसा मरे? आणि व्हिडिओ?" मला त्याची काळजी आवडली. बॅटरीबद्दलची असली तरी काळजीच.

मधल्या काळात त्याच्याच सांगण्यावरून मांगराची कौलं बदलली, दाराला त्याने मित्राच्या हाती पाठवलेलं कुलूप लागलं, आणि रंगही काढला. रंग मीच काढला. त्याचाही व्हिडिओ आहे.

सुमंगला दर उन्हाळ्यात एकदा विचारायची, "यंत्र कधी हाडूया?"

"किरण येवंदे."

"तुमच्या भावाच्या बॅटरीक तुमी दर आयतवारा चार्ज करतात. माझ्या यंत्राक तीन वर्सां कोणी हात लावंक ना. गंज खाता तां."

एवढं बोलून ती आत जायची. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

मोपाला विमानतळ झाला आणि आमच्या भागात पांढऱ्या बुटांची माणसं हिंडायला लागली. ती थांबून कुंपणं बघत, रस्त्यापासूनचं अंतर पावलांनी मोजत. त्यांतला एकजण आमच्या मांगरापुढे बराच वेळ उभा होता. मी गाडीत बसलो होतो. मी काच खाली करून विचारलं, काय पाहिजे? तो म्हणाला, "मिस्टर परब को फोन किया है।" मी म्हटलं, मिस्टर परब मीच. तो हसला आणि निघून गेला. पत्ता चुकला असेल असं मला वाटलं.

त्या चवथीला किरण आला. एकटा नव्हे, वकिलाला घेऊन. "माझो कॉलेजातलो दोस्त. गणपती बघूक इलो," असं सांगितलं. सुमंगलाने दोघांना पानं वाढली. वकिलाने नेवऱ्यांची, म्हणजे करंज्यांची, मनापासून स्तुती केली आणि हात धुऊन आल्यावर गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली बसून लॅपटॉप उघडला.

"मास्तर, वाटणीचा अर्ज घालायचा आहे. कायद्याची औपचारिकता. तुमच्यात तोंडी वाटणी आधीच झालेली आहे, नाही का? घर तुमच्याकडे, मांगर आणि रस्त्याकडची बाजू किरणकडे."

"उलटं," मी म्हणालो. "मांगर माझा. यानेच सांगितलं, इथे, याच जागी."

"कधी?"

"काका गेले त्या चवथीला. सगळे होते."

"लिहिलेलं आहे?"

मी गणपतीकडे पाहिलं. वकिलानेही पाहिलं, नम्रपणे. मग त्याने एक व्हिडिओ लावला. पडद्यावर मी होतो, आंघोळ केलेला, केस विंचरलेला. वर्गात बोलतो तशा खणखणीत आवाजात मी सांगत होतो की श्री. किरण परब यांच्या मांगरात, त्यांच्या सांगण्यावरून, मी देखभाल करत आहे. त्याने दुसरा लावला. तिसरा लावला. तीन वर्षांचे रविवार त्याने तारीखवार लावून ठेवले होते. माझे केस दर व्हिडिओत थोडे कमी होत गेले होते.

"तुमचे उच्चार फार स्वच्छ आहेत," वकील म्हणाला.

मी किरणला म्हटलं, "वॉरंटीसाठी होतं ना रे हे?"

"वॉरंटीकूय चलता," तो म्हणाला. मग, खाली बघत, "दादा, गिराईक बरां आसा. परत येवचां नाय. तुका कायतरी दितलंय मी. तुका उपाशी दवरतलंय काय?"

"मागितला असतास तर दिला असता रे."

"तेच तर. मगे राग कित्याक?"

सुमंगलाने ताटं उचलली. वकिलाच्या ताटात एक नेवरी उरली होती. ती तिने त्याच्यासमोरूनच गाईच्या बादलीत टाकली आणि आत गेली.

किरण बाकीचे दिवस आमच्याकडेच राहिला. गणपती घरात असताना माणसाला जा म्हणता येत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तो आरतीला टाळ वाजवायचा, सुमंगलाला "वयनी, च्या" म्हणायचा आणि तिने दिलेला चहा प्यायचा. रविवार आला. मी मांगरात गेलो नाही. तो दुपारपर्यंत वाट बघत सोप्यावर बसला, मग माझ्या हातातून चावी घेऊन स्वतः गेला. अर्धा तास तो गाडीत बसलेला दिसत होता. त्या दिवशी बाबुरावांनी त्याला खंय पावलात म्हणून विचारलं नाही. ते मान खाली घालून पुढे गेले. गावात बातमी पोचली होती.

पाचव्या दिवशी संध्याकाळी विसर्जन. मूर्ती पाटावर घेतली की घरातल्या थोरल्याने गाऱ्हाणं घालायचं. घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन त्याची राखण मागायची. जो परदेशी असेल त्याचं आधी. काकांनंतर हे काम माझ्याकडे आहे. अंगण भरलं होतं. किरण मूर्तीच्या उजव्या बाजूला, पाटाला हात लावून उभा होता.

मी सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, आज ह्या परबांच्या घराची सेवा तू मानून घेतलंस..."

"व्हय म्हाराजा," अंगण म्हणालं.

सुमंगलाचं नाव घेतलं. आमच्या मुलीचं, प्रतीक्षाचं घेतलं. फोंड्याला दिलेल्या आत्याचं, तिच्या नातवंडांचं, आमच्या गाईचंही घेतलं. बाजूच्या बाबुरावांचं घेतलं, ते गोंधळले. मग मी थांबलो.

"किरणाचां ऱ्हवलां," मागून कोणीतरी हळूच म्हणालं.

"ऱ्हवूक नाय," मी म्हणालो आणि पुढे गेलो. "जी नावां घेतलीं, तेंची राखण कर. तेंच्या वाटेक कोण आडवो इलो, तर तेका तू बघून घे रे म्हाराजा."

अंगणातल्यांनी आधी किरणकडे पाहिलं. मग एकेक करून सगळ्यांनी म्हटलं, आणि त्यांच्यात, लहानपणापासूनच्या सवयीने, पाटावरचा हात न काढता किरणही म्हणाला, "व्हय म्हाराजा."