पिकल्या सुपारीचा रंग

"लामदुआनच्या घरी माणसाला पाणी विचारायच्या आधी माशांचं पाणी बघतात," असं थायलंडातल्या नाखोन पथोमच्या त्या कालव्याकाठी सगळे म्हणत. म्हणणारे हसून म्हणत, पण म्हणत खरं तेच.

घरामागे तिची पत्र्याची पडवी होती. फळ्यांवर दारूच्या रिकाम्या चपट्या बाटल्या ओळीने मांडलेल्या. एका बाटलीत झुंजार माशाचा एक नर आणि दोन बाटल्यांच्या मधे पुठ्ठ्याचा तुकडा. पुठ्ठा जरा सरकला की दोघे नर एकमेकांना बघून कल्ले फुगवायचे आणि दमून तळाशी बसेपर्यंत काचेवर धडका मारायचे. खाली मातीच्या कुंड्या, त्यात देशी बदामाची वाळकी पानं टाकून चहासारखं केलेलं पाणी. त्या पाण्यात नर तोंडाने बुडबुडे सोडून घरटं बांधायचा, मग लामदुआन मादी सोडायची. अंडी घालून झाली की मादीला लगेच काढायचं, नाहीतर नर तिच्या चिंध्या करतो. पुढे खाली पडलेली अंडी तोंडात धरून तोच परत घरट्यात नेऊन ठेवतो. पिल्लं पोहायला लागली की बापालाही काढायचं. लामदुआन हे सगळं डोळे मिटून करू शकली असती.

तिचा नवरा थाविन तरुणपणी माशांच्या झुंजी लावायचा. लग्न होऊन आल्यावर तिने पहिलं काम केलं ते झुंजी बंद करण्याचं. "रंगाचे मासे पाळा, रक्ताचे नकोत," ती म्हणाली आणि थाविनने ऐकलं. इतकं ऐकलं की रंगाचंच वेड घेऊन बसला. अंग काजळीसारखं काळं, पर पिकल्या सुपारीच्या फळासारखे नारिंगी, आणि कुठे एक ठिपका नाही, असा मासा त्याला हवा होता. दर विणीला काहीतरी बिघडायचं. नारिंगी मळकं यायचं, नाहीतर काळ्यावर निळी झाक चढायची. असा मासा बघायच्या आधीच थाविन यकृताच्या दुखण्याने गेला.

लामदुआनने वेड पुढे चालवलं. वर्षानुवर्षं ती जोड्या लावत राहिली आणि शेवटी एका विणीत तसे मासे निघाले. फार नाही, पण निघाले. त्यांच्या पिल्लांत निम्मी तशीच झाली. अजून एखादी पिढी गेली असती तर वाण पक्का झाला असता.

शेजारच्या गल्लीतला प्रचुआप हाही मासे पाळणाराच. तो रोज येऊन बाटल्यांपुढे उकिडवा बसायचा.

"वहिनी, एक जोडी माझ्याकडे ठेवा. विकायला नाही मागत. एका घरात सगळं बियाणं ठेवू नये."

"वाण पक्का होऊ दे, मग देते."

"तोवर काही झालं तर?"

"काय व्हायचंय? मी आहे की."

पावसाळा सरता सरता लामदुआनच्या पोटात कळ उठली. दोन दिवस तिने अंगावर काढली, तिसऱ्या दिवशी पडवीतच कोसळली. पित्ताशय सडलं होतं आणि विष रक्तात गेलं होतं. गाडीत घालताना तिने मुलीचा हात धरला. नुच तिची एकुलती एक मुलगी. नवऱ्यासह आईच्याच घरी राहायची, पण माशांना तिने कधी हात लावला नव्हता.

"पाणी शिळं करूनच बदल. नळाचं ताजं घालू नकोस. डासांच्या अळ्या मडक्यात आहेत. आणि पुठ्ठे..."

"हो गं आई, बघते मी. तू गप्प पड आता."

शस्त्रक्रिया झाली, तरी ताप उतरेना. लामदुआनला शुद्ध नव्हती. डॉक्टर म्हणाले, आम्ही करतोय, तुम्ही मनाची तयारी ठेवा. हे ऐकून थाविनची थोरली बहीण बुप्फा दवाखान्याच्या व्हरांड्यात नुचला घेऊन बसली. बुप्फा देवळात पहाटेचं दान कधी चुकवायची नाही, आणि कोण कशाने आजारी पडलं ते तिला नेहमी ठाऊक असायचं.

"तुझा बाप कशाने गेला? लोक म्हणतात दारूने. मी म्हणते माशांनी. नर एकीकडे कोंडायचा, मादी एकीकडे, जन्मभर बाटलीत. त्या जिवांचे तळतळाट कुठे जातील, पोरी?"

"पण आत्या, आईचा जीव आहे त्यांच्यात."

"तेच सांगतेय मी. तिचा जीव त्यांच्यात अडकलाय. सोडव तो."

नुच दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी तिने आणि तिच्या नवऱ्याने, कोम्सानने, सगळ्या बाटल्या गाडीत भरल्या आणि देवळामागच्या तळ्याशी नेल्या. भिक्षूंनी मंत्र म्हटले. बुप्फाने बाटली उपडी करून पहिला मासा सोडला. बाकीचे नुचने सोडले, प्रत्येक वेळी हात जोडून, आईचं नाव घेऊन.

आणि दुसऱ्याच दिवशी लामदुआनचा ताप उतरला.

आता याला काय म्हणायचं? औषध बदललं होतं, असं डॉक्टर म्हणाले. पण डॉक्टरांचं कोण ऐकतो?

लामदुआन बोलायला लागली तशी रोज विचारायची, "मासे बरे आहेत ना?" नुच पेजेचा चमचा तिच्या तोंडाशी नेत म्हणायची, "बरे आहेत गं." कोम्सान खिडकीबाहेर बघायचा.

घरी आली त्या दिवशी तिने चप्पलही काढली नाही. भिंतीला धरत थेट मागे गेली. पडवी धुऊन स्वच्छ केलेली. फळ्या नाहीत, कुंड्या नाहीत. मधोमध कोम्सानची गाडी उभी, वर कापड घातलेलं.

"मासे कुठे आहेत?"

नुचने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. बोलता बोलता तिला रडू फुटलं. लामदुआन गाडीच्या बोनेटवर हात टेकून ऐकत होती.

"माझे काळेही?"

"सगळे, आई. एकही मागे ठेवला तर पुण्य लागत नाही, आत्या म्हणाली."

"आणि बाटल्या?"

कोम्सान हळूच म्हणाला, "भंगारात दिल्या, आई. आता लागणार नाहीत असं वाटलं. गाडी उन्हात असायची..."

"बरं केलंत," लामदुआन म्हणाली, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली.

चालता यायला लागल्यावर ती एकटी तळ्यावर गेली. तळ्यात मांजरमासे होते, माणसाच्या मांडीएवढे. लोक पाव टाकत होते आणि ते एकमेकांच्या अंगावर चढून तोंडं वासत होते. पाव बुडायच्या आत नाहीसा होत होता. तिने काठाची जलपर्णी हाताने बाजूला करून पाहिली. काही नव्हतं. पायऱ्या झाडणारे एक म्हातारे भिक्षू तिच्याजवळ येऊन थांबले.

"काय हरवलं, बाई?"

"मासे सोडले होते इथे माझ्या मुलीने. काळे, नारिंगी परांचे. लहान."

भिक्षूंनी तळ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "लोक रोज काही ना काही सोडतात," ते म्हणाले. "मोठे आहेत ते अजून मोठे होतात."

परतताना ती प्रचुआपच्या दारात थांबली. तो कुंड्या धूत होता. तिला बघून उठला.

"त्या दिवशी मी गावाला गेलो होतो, वहिनी. आलो तर पडवी रिकामी. तळ्यावर जाळं घेऊन गेलो होतो मी. दोन सापडले. मेलेले, अर्धे खाल्लेले."

लामदुआन उंबऱ्यावर बसली. प्रचुआपच्याने राहवेना. "एक जोडी मागितली होती मी तुमच्याकडे."

"मागितली होतीस."

"माझ्यावर विश्वास नव्हता तुमचा."

"नव्हता," ती म्हणाली. "पक्के काळे आधी तुझ्या घरी निघाले असते, तर लोकांनी तुझा वाण म्हटलं असतं. ते मला नको होतं."

प्रचुआपने मान हलवली. आपल्याकडची लाल जोडी घेऊन जा, असं तो म्हणाला. ती नको म्हणाली. लाल मासे काय, बाजारात ढिगाने मिळतात.

आजूबाजूच्या बायका भेटायला येऊ लागल्या. कुणी केळी आणी, कुणी चिकट भात. "मुलगी असावी तर अशी! आईसाठी हजार जीव सोडवले!" लामदुआन मान हलवायची. एका दुपारी बायका गेल्यावर नुच तिच्या पायाशी बसली.

"आई, तू माझ्याशी बोलत का नाहीस?"

"बोलते की."

"काळजी घे, जेवलीस का, एवढंच बोलतेस. चिडलीस तर चीड. मार मला."

"मला विचारायचं होतंस."

"तू शुद्धीवर नव्हतीस!"

"मग थांबायचं होतंस."

"आणि गेली असतीस तर?"

"तर मासे तरी राहिले असते."

नुच मग उठली आणि भांडी घासायला गेली. लामदुआनला आतून भांड्यांचा आवाज ऐकू येत राहिला. बोललेलं परत घ्यावं असं तिला वाटलं, पण ते खोटं नव्हतं. खोटं नसलेलं परत कसं घेणार? त्या दिवसापासून नुच तिला वेळेवर औषध द्यायची, वेळेवर जेवायला वाढायची, आणि पायाशी बसायची नाही.

हिवाळ्यात बुप्फाने लामदुआनच्या घरी भिक्षूंना दानाचं जेवण ठरवलं, ती बरी झाली म्हणून. सगळी आळी आली. भिक्षूंपुढे मासळीची आमटी, नारळाच्या दुधातलं कोंबडीचं कालवण, भोपळ्याचं गोड असं वाढलं. येईल त्याला बुप्फा मासे सोडल्याची गोष्ट सांगत होती आणि प्रत्येक सांगण्यात तळ्यावर पडलेलं ऊन जास्त सोनेरी होत होतं.

जेवणं झाली. भिक्षू मंत्र म्हणू लागले आणि लामदुआनने पितळेच्या छोट्या झारीतून वाटीत पाण्याची धार धरली. या पाण्याबरोबर केलेलं पुण्य गेलेल्यांना पोचवायचं असतं. तिने थाविनचं नाव घेतलं. त्याच्या आईवडलांचं घेतलं. बुप्फा तिच्या खांद्याला खेटून बसली होती, दंडाला हात लावून, कारण हे पाणी सोडताना घरातली सगळी माणसं अशी साखळीनेच बसतात. ती लामदुआनच्या कानाशी वाकली.

"माशांचंही नाव घे. त्यांच्या मनात राग राहायला नको."

लामदुआनने धार थांबवली. पलीकडे बसलेल्या नुचने वर पाहिलं. मंत्र चालूच होते.

"ते तुम्ही करा, वन्सं," लामदुआन म्हणाली आणि झारी तिच्या हातात दिली. "सोडले तुम्ही."

बुप्फाला मान मिळाल्यासारखं झालं. तिने खांद्यावरचा शेला सावरला, डोळे मिटले आणि उरलेलं पाणी थेंब थेंब वाटीत सोडलं.