आणखी एकदा, मौलाना

शेख ताजुद्दीन गायला उभे राहिले की स्थिर राहत नाहीत. पैगंबरांची स्तुती गाताना त्यांचं सगळं अंग डोलतं, डावीकडून उजवीकडे, आणि समोर रांगा करून उभे असलेले आम्हीही त्यांच्याबरोबर डोलतो. त्यामुळे नाईलकाठच्या आमच्या केना शहरात शेखांचा धड असा एकही फोटो नव्हता. सीदी मर्जूकच्या उरुसाच्या पोस्टरवर दरवर्षी छापला जाणारा चेहरा शेखांचाच आहे, हे खालच्या नावावरूनच कळायचं.

यंदा कहवाखान्याचे मालक हाज्ज फव्वाज यांनी शौकीला गाठलं. शौकी लग्नांचे फोटो काढतो. "तुझ्या फोटोत नवरीच्या पापण्या मोजता येतात," हाज्ज म्हणाले, "आणि आमच्या शेखांना दोन नाकं? नवरीला हलू नको म्हणतोस, तसं त्यांनाही सांगून बघ की." सगळा कहवाखाना हसला. शौकी हसला नाही. लखलखीत फोटो आणून दाखवतोच, असं तो सगळ्यांदेखत बोलून बसला.

उरुसाच्या दिवशी दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर मंडपात गाणं सुरू झालं. बायकांच्या बाजूला, कनातीला टेकून उम्म बदरान बसली होती. तिचा मुलगा बदरान मालाच्या होडीवर कामाला होता. हिवाळ्यात तो नाईलमध्ये बुडाला. त्याच्या आवडीचं एक गाणं होतं. ते त्याच्या नावाने म्हणा, एवढंच मागायला ती लांबच्या खेड्यातून आली होती आणि शेखांनी मान डोलावली होती. गेलेल्यांसाठीचं गाणं आमच्यात सगळ्यांत शेवटी होतं, सूर्यास्ताची, मगरिबची बांग व्हायच्या थोडं आधी.

मंडपाच्या लाल कापडाखाली उजेड कमी होता. शटरचा वेग वाढवला की फोटो काळा येई, कमी केला की शेख पुसट येत. त्यात माइक ओठांपुढे. कॅमेरा माइकची जाळी तेवढी नीट टिपायचा आणि मागचे डोळे धूसर राहायचे. शेवटी शौकीने फोटो काढणं थांबवलं. आमच्या डोलणाऱ्या रांगेत तो एकटा ताठ उभा राहिला आणि नुसता पाहू लागला. मग त्याच्या ध्यानात आलं. झोपाळा टोकाला जाऊन परत फिरण्याआधी निमिषभर थांबतो, तसं शेखांचं डोकं थांबत होतं. आणि 'मी दाराशीच आहे' या ओळीच्या शेवटी ते माइक छातीपर्यंत खाली नेत होते. त्या जागेवर आधीच नेम धरून ठेवायचा, बस. फक्त तीच ओळ पुन्हा यायला हवी होती.

ओळ काळजाला लागली तर ऐकणाऱ्याने ती पुन्हा मागावी आणि गाणाऱ्याने द्यावी, अशी आमच्याकडची रीत आहे. शेख तर कुणालाच नाही म्हणत नाहीत. मागणाऱ्याला का म्हणून विचारू नये, त्याचं दुखणं त्याला ठाऊक, असं त्यांचं म्हणणं.

"आणखी एकदा, मौलाना," शौकीने हाक दिली.

शेखांनी ओळ पुन्हा घेतली. त्या वेळी त्यांचे डोळे मिटलेले होते. शौकीने पुन्हा मागितली, तर कुणाचा तरी हात मध्ये आला. मग त्याने पैगंबरांची आण घातली, आणि आवाजात थोडं रडूही आणलं. शेजारच्या म्हाताऱ्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या पोरासाठी म्हणा, शेख, असं मागून लोक विनवू लागले. डफवाल्याने लय धीमी केली. शेख शौकीकडे वळले आणि तीच ओळ दर वेळी आणखी वरच्या सुरात, फक्त त्याच्यासाठी गाऊ लागले. शेवटच्या वेळी त्यांनी डोळे उघडून थेट त्याच्याकडे पाहिलं. शौकीने बटण दाबलं.

पुढची ओळ आलीच नाही. शेखांच्या गळ्यातून नुसती कोरडी हवा निघाली. बडीशेपेचा काढा दिला, मध चाटवला, काही उपयोग झाला नाही. शेखांनी खुणेने शौकीला जवळ बोलावलं, त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि याला जे काही सलत असेल त्यासाठी सगळ्यांनी फातिहा म्हणा, असं डफवाल्याकडून सांगवलं. सगळ्या मंडपाने ओंजळी उघडल्या. शौकीनेही उघडली. कॅमेरा गळ्यात लटकत होता.

बाहेर पडताना उम्म बदरान त्याच्यापाशी थांबली.

"माझ्या लेकाचं राहिलं, तर राहू दे," ती म्हणाली. "तुझं दुःख आज मोठं होतं, बाळा. देव तुला हलकं करो."

दुकानात शौकीने फोटो मोठा करून पाहिला. दाढीचा केस न् केस दिसत होता. असा फोटो त्याने जन्मात काढला नव्हता. आणि त्यातले ते ओले डोळे त्याच्याकडे काळजीने पाहत होते. त्याने स्क्रीन बंद केला. हाज्जांना त्याने फोटो बिघडला म्हणून कळवलं, आणि त्यावरचे टोमणे मुकाट ऐकून घेतले.

सकाळी तो शेखांच्या घरी गेला. ते डोक्यावरून टॉवेल घेऊन वाफ घेत होते. शौकीने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. टॉवेलाच्या आतून घोगरी कुजबुज आली.

"तिला सांगितलंस?"

"नाही."

शेखांनी तोंड पुसलं, पागोटं बांधलं आणि गाडी काढायला सांगितलं.

उम्म बदरानच्या अंगणात शौकीने सगळं पुन्हा सांगितलं.

"म्हणजे तुला काहीच झालं नव्हतं?" तिने विचारलं.

"काही नाही, खाला. मला फोटो हवा होता."

"मी पहाटे उठून तुझ्यासाठी दुआ मागितली," ती म्हणाली. "बदरानच्या आधी तुझं नाव घेतलं."

शौकी मान खाली घालून दारातच उभा राहिला. शेख बाकावर टेकले आणि बदरानचं गाणं म्हणू लागले. ना डफ, ना माइक, ना गळा. ऐकू यावं म्हणून तिने कान त्यांच्या ओठांशी नेला. दारापर्यंत काहीच पोचत नव्हतं. मध्येच तिने ओढणीने तोंड झाकलं, आणि शेखांनी न मागता ती ओळ पुन्हा घेतली.

गाणं संपल्यावर ती आत जाऊन दोन पेले चहा घेऊन आली. एक शेखांना दिला. दुसरा घेऊन ती दाराशी आली.

"घे. बदरानच्या नावाचा आहे."

शौकीने दोन्ही हातांनी पेला घेतला. पेला चटके देत होता. तो ओठांशी नेववेना, खाली ठेववेना. ती समोर उभी होती, आणि त्याचा पिऊन होईपर्यंत तिथून हलली नाही.