पहिल्या खाटेचा कौल

थेल्माबाईंनी नवऱ्याला मूठमाती दिली, त्या दिवशी डोळ्यांतून टिपूसही येऊ दिला नाही. बाळकुमच्या बायका आपसांत म्हणाल्या की ही बाई दगडाची आहे. बाई दगडाची नव्हती. तिने आपले सगळे पाणी एका भिंतीसाठी राखून ठेवले होते.

ती भिंत बाबुरावाची. जुन्या गावाच्या कडेला त्याने उंचच उंच इमारती उभ्या केल्या आणि त्यांचे आवार राखण्यासाठी, पावसाचे पाणी ज्या वाटेने खाडीला मिळत असे, नेमकी तीच वाट अडवली. बाबुराव परका नव्हता. याच गावात नागडा खेळलेला, थेल्माबाईंना मावशी म्हणणारा. घरचा भेदी म्हणतात तो असा. भिंत झाली आणि मुसळधार पावसात भरतीची वेळ आली की पाणी गावात तुंबून राहू लागले. गेल्या वर्षी त्या पाण्यातून वावरताना थेल्माबाईंच्या नवऱ्याच्या, गिल्बर्टच्या, पायाच्या भेगांतून लेप्टोचे जंतू आत शिरले.

आजारापेक्षाही थेल्माबाईंच्या काळजात रुतले होते ते निराळेच. पूर आल्यावर महापालिकेकडून प्रतिबंधक गोळ्या आल्या होत्या, पण त्या सर्वांना पुरण्यासारख्या नव्हत्या. कोणाला आधी द्यायच्या, याचा निर्णय, गोळ्या जिथे उतरवल्या होत्या त्या बाबुरावाच्या कार्यालयात, काचेच्या दाराआड चालला होता. जन्मभर कल्याणच्या रुग्णालयात मेट्रन म्हणून काढलेल्या थेल्माबाई तिथे गेल्या. जे पाण्यात उभे आहेत त्यांना आधी द्या, उंच मजल्यावरच्यांना नंतर, एवढेच त्यांना सांगायचे होते. बाबुरावाने दार किलकिले केले.

"मावशी, तुम्ही जरा बाहेर बसा. आत निर्णय चाललाय."

पायरीवरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत त्या बसून राहिल्या. गोळ्या इमारतींत वाटून संपल्या. गिल्बर्टला ताप भरला आणि त्याची मूत्रपिंडे निकामी होऊन तो गेला.

थेल्माबाईंनी आकांत केला नाही, शिव्याशाप दिले नाहीत. खळ घातलेली पांढरी साडी नेसून त्या वर्षभर ठाण्याच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत राहिल्या. मागणी एकच होती. पूर आला की बाळकुमच्या मदतकेंद्रात कोणते काम आधी, कोणते नंतर, हे रुग्ण, परिचारिका आणि गावकरी यांनी एकत्र बसून ठरवावे, आणि महापालिकेचे जेसीबी यंत्रही ती बैठक सांगेल तिथेच जावे. म्हातारीच्या समाधानासाठी मान्य करायला काय जाते, असे म्हणून साहेबांनी ते मान्य केले. तिने कशाची पेरणी केली हे त्यांना उमगले नाही.

यंदा ऑगस्टात पाणी पुन्हा चढले. चर्चचा हॉल उंचावर, म्हणून केंद्र तिथे उघडले. प्रमुख होती योगिनी, थेल्माबाईंच्याच हाताखाली कल्याणला तयार झालेली परिचारिका. तिने त्यांच्या वॉर्डची रीत इथेही चालू केली. पाळी बदलताना सगळ्यांनी खाटांपाशी उभे राहायचे. पहिल्या खाटेपासून रुग्णांनी बोलायचे, मग मदतनीस आयांनी, मग धाकट्या परिचारिकांनी, आणि मेट्रनने सर्वांत शेवटी. मोठ्याने आधी तोंड उघडले की धाकट्यांच्या तोंडाला कुलूप लागते, असे थेल्माबाई सांगत असत.

दुपारी बाबुराव कमरेएवढ्या पाण्यातून आला. मागे दोन माणसांनी खुर्चीवर बसवून त्याच्या आईला, जाईबाईला, आणले होते. म्हातारी मुलाच्या इमारतीत राहत असली तरी रोज जुन्या वेशीवरच्या देवाला दिवा लावायला जात असे. पाणी भरले तरी तिने नेम मोडला नव्हता. आता अंगात ताप होता आणि पोटऱ्या ठणकत होत्या.

"आईचा नंबर पहिला लावा," बाबुराव म्हणाला. "आमच्या घरची माणसं शेवटच्या खाटेवर झोपत नाहीत."

योगिनीने शेजारी उभ्या असलेल्या थेल्माबाईंकडे पाहिले. त्यांनी मानेनेच होकार दिला.

"साहेब, पहिल्या खाटेचं माणूस बैठकीतही पहिलं बोलतं," योगिनीने त्याला बजावले.

"बोलू दे की. माझीच तर आई आहे."

योगिनीने म्हातारीला तपासले, काय होते आहे आणि काय करायचे ते समजावून सांगितले, तिची संमती घेऊन औषध सुरू केले आणि रुग्णालयात न्यायला होडी मागवली. पाण्याचा पेला थेल्माबाईंनी स्वतः धरला. औषधात सूड कालवायचा नसतो, हे त्या जाणून होत्या. औषध औषधाच्या जागी, सूड सुडाच्या.

मग बैठक भरली. योगिनीने साऱ्यांपुढे गोष्ट मांडली. जवळच माजिवड्याला जेसीबी येऊन उभा होता. तो इमारतींच्या तळघरात बुडालेल्या मोटारींची वाट मोकळी करायला न्यायचा, की भिंत फोडायला? गोळ्या यंदा पुरेशा होत्या, पण पाणी तुंबलेले असेपर्यंत नवे रुग्ण येतच राहणार होते.

बाबुराव बोलायला पुढे सरसावला. योगिनीने हात आडवा केला आणि जाईबाईला विचारले.

म्हातारीने आधी थेल्माबाईंकडे नजर वळवली. गिल्बर्ट दर मोसमात पहिली मासळी तिच्या दारी ठेवत असे.

"थेल्मा, गिल्बर्ट याच पान्यान गेला ना?"

"याच," थेल्माबाई म्हणाल्या. आणखी एक अक्षरही त्यांनी जोडले नाही. त्यांची पाळी शेवटची होती.

जाईबाईने डोळे मिटले.

"भित पहिली फोर, बाबू."

बाबुरावाचा चेहरा उतरला. आई तापात बरळते आहे, असे तो पुटपुटला. ताप आपण स्वतः मोजला आहे आणि आजी पूर्ण शुद्धीवर आहेत, असे योगिनीने त्याला शांतपणे सांगितले. मग खाटेमागून खाट हात वर होत गेले. आयांचे झाले, परिचारिकांचे झाले, गावकऱ्यांचे झाले. इमारतींच्या तळमजल्यांवरून आसऱ्याला आलेल्या रहिवाशांनीही हात वर केले. त्यांचीही लेकरे तापाने फणफणत होती.

"माझंही मत तेच," थेल्माबाई शेवटी म्हणाल्या. वर्षभर जिभेखाली धरलेले वाक्य त्यांनी चवीने उच्चारले.

बाबुरावाने त्यांना दाराशी गाठले. "मावशी, माझ्या आईच्या तोंडून सूड उगवलात."

"उगवला," त्या म्हणाल्या. "पण तुला मी बाहेर बसवलं नाही, बाबू. आत घेतलं, सगळ्यांदेखत."

संध्याकाळच्या आत यंत्राने भिंतीला पहिला दणका दिला. वीट ढासळली, मग सगळा पट्टाच कोसळला, आणि गढूळ पाणी घुसमट सुटल्यासारखे खाडीकडे धावत सुटले. थेल्माबाईंनी बाबुरावाच्या कार्यालयाच्या पायरीवरची तीच प्लास्टिकची खुर्ची भिंतीकडे तोंड करून मांडून घेतली. आता कुठे त्यांनी पदराचे टोक डोळ्यांना लावले. शेजारी बाबुराव चिखलात उभा होता.

शेवटची वीट पडेपर्यंत त्यांनी त्याला बस म्हटले नाही.