ईश्वरप्पाच्या पोटरीवरचं लाटणं

मी लाटणं बोलतोय. सोलापूरच्या मंगळवार पेठेत माझ्याइतकं कामाचं लाटणं दुसरं सापडायचं नाही. आता खरं सांगतो. आमच्या घरी सकाळ-संध्याकाळ ज्वारीची भाकरी, आणि भाकरी थापतात हातानं. वर्षातनं चार सणांना पुरणाची पोळी व्हायची, तेवढाच माझा मान. बाकीचे दिवस मी पोळपाटामागं भिंतीला टेकून झोपा काढायचो.

जन्म बाभळीच्या लाकडातला. आमच्या घरच्या मालकिणीनं, शिवम्मानं, गड्ड्याच्या जत्रेत मला ढिगातनं उचललं, तळहातावर फिरवलं आणि वाकडं आहे म्हणून नाक मुरडलं. मी तिच्या सगळ्या दिरांपेक्षा सरळ होतो. पण भाव पाडायचा असला की बायकांना सरळ लाकूडही वाकडं दिसतं.

माझं खरं आयुष्य सुरू झालं एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली. शिवम्माचे मालक ईश्वरप्पा, भुसार मालाचे दुकानदार. साठी ओलांडली आणि उजवा हात थरथरायला लागला. गिऱ्हाइकं खूश, कारण मापाबाहेर मूठभर डाळ जास्त पडायची. मग पाय जड झाले. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, पार्किन्सन असं इंग्रजी नावही सांगितलं. नावानं काही दुखणं हललं नाही.

सगळ्यात वाईट सकाळची वेळ. अंथरुणातनं उठताना डाव्या पायाची बोटं आत वळायची, पोटरीत गोळा यायचा आणि पोटरी दगड व्हायची. ईश्वरप्पा असे ओरडायचे की शेजारचा धोंडप्पा, दूधवाला आला असं समजून, पातेलं घेऊन बाहेर यायचा.

एकदा चहा पिताना चुलीपाशीच ईश्वरप्पांचा पाय पेटक्यानं धरला. हात मारला तो नेमका माझ्यावर. त्यांनी मला पोटरीवर वरखाली फिरवलं. मी आयुष्यभर कणकेचे गोळे मऊ केलेले, हा गोळा मला काय अवघड? पाच मिनिटांत पोटरी सैल पडली. डॉक्टरांना सांगितलं तर ते आधी पोट धरून हसले, मग म्हणाले, फिरवा, पण तेल लावून, हलक्या हातानं. पायाची बोटं आपल्याकडं ओढायची, गरम पाण्यात पाय सोडायचा, आणि गोळीची वेळ चुकवायची नाही, गोळीचा असर उतरला की पाय धरणारच.

शिवम्मानं मात्र कपाळाला हात लावला. पायाला लागलेलं लाटणं परत चुलीपाशी नको म्हणाली आणि नवीन आणलं. मी उशाखाली राहायला गेलो. रोज काम, रोज तेल. चकाकायला लागलो की!

अशी दोन वर्षं गेली आणि श्रावण आला. ईश्वरप्पा दर श्रावणात अक्कलकोटला बहिणीकडं, शिवबाईकडं जायचे, साडी द्यायचे आणि पुरणाची पोळी खाऊन यायचे. शिवम्मा म्हणाली, यंदा साडी पुतण्याबरोबर पाठवा. ईश्वरप्पा हटून बसले. दुकान सुटलं, कट्ट्यावरच्या गप्पा सुटल्या, आता बहिणीचं घरही सुटलं तर उरलं काय? दोन दिवस वाद झाला. शेवटी शिवम्मानं अट घातली.

"एकटे जावा, एकटे या. पर कुणी हाताला धरून आणलं, तर म्होरं उंबऱ्याबाहेर पाऊल न्हाय."

पिशवीत साडी, कागदात गोळ्या आणि मी. एसटीचा कंडक्टर मला बघून म्हणाला, शेठ, कुणाला हाणायला निघालात? ईश्वरप्पा म्हणाले, बायकोचं हत्यार काढून घेतलंय. सगळी गाडी हसली. वाटेत त्यांनी चप्पल काढून मला तळपायाखाली घोळवलं, आणि आम्ही झोकात पोचलो.

घोळ पुढं झाला. शिवबाईनं पिशवी उपसली. साडीखाली मी, तेलानं चकाकणारा. तिला वाटलं, वहिनीनं लाटणं भेट पाठवलं. दुखण्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं, ती रडत बसेल म्हणून. आता ईश्वरप्पा तरी काय सांगणार? त्या दिवशी गावातल्या मठाचे स्वामी जेवायला यायचे होते, पुरण वाटून तयार होतं. तिनं मला घासून धुतलं आणि कामाला लावलं. खरं सांगतो, दोन वर्षांनी कणकेला हात लागला, मला गुदगुल्या होत होत्या. ईश्वरप्पा दारात उभे राहून घाम पुसत होते.

त्या धांदलीत दुपारची गोळी पिशवीतच राहिली. पंगत बसली. स्वामींनी दुसरी पोळी मोडली, आणि मांडी घातलेल्या ईश्वरप्पांचा पाय धरला. पाट उलटला. ते सरपटत चुलीपर्यंत आले, पिठानं भरलेला मी उचलला आणि पोटरीवर चालवला.

शिवबाई ताट टाकून धावली. "अण्णा, वहिनीचं नवं लाटणं पायाला?"

"जीव चाललाय माझा, लाटणं धुता येतंय," ईश्वरप्पा ओरडले. बोटं अजून आत वळलेली, आणि ओढायला त्यांचा हात पुरत नव्हता.

तेवढ्यात स्वामी उठले. हात धुतला, खाली बसले आणि ईश्वरप्पांचं पाऊल मांडीवर घेतलं. ज्यांचे पाय धुऊन लोक तीर्थ घेतात, ते म्हातारे हळूहळू बोटं मागं ओढत होते. ईश्वरप्पा लाजेनं पाय सोडवायला बघत होते.

"रोज माझे पाय लोकं धरतात," स्वामी म्हणाले. "आज मी एक धरला तर बिघडलं कुटं?"

पाय सुटला. गोळी पोटात गेली. शिवबाई डोळे पुसत म्हणाली, भावाला एवढं होतंय आणि आम्ही परके? तिनं सोबतीला मुलगा द्यायचा हट्ट धरला, तो ईश्वरप्पानं पार मोडून काढला. अर्धा तास पडवीत पडले, मग एकटेच स्टँडवर चालत गेले, मला बगलेत मारून.

तुमच्या घरी कुणाचा पाय असा धरत असेल, तर लपवू नका बाबांनो. पाहुणे रुसत नाहीत, उलट पाय दाबायला बसतात. आता माझं पॉलिश गेलंय, एका टोकाला चीर पडलीय, तरी दाराबाहेर जायचं म्हटलं की पिशवीत पहिला मीच.

त्या संध्याकाळी ईश्वरप्पा एकटे, स्वतःच्या पायांनी उंबऱ्यात उभे राहिले. छाती काढून म्हणाले, पाय एकदाबी धरला न्हाय. शिवम्मानं बगलेतनं मला काढून घेतलं, उजेडात धरलं आणि टोकाला वाळलेलं पुरण नखानं खरवडलं.

"व्हय का? मग पायाचं लाटणं पिठाला लागलं, का पिठाचं पायाला? तेवढं सांगा, आन म्होरच्या श्रावणात खुशाल जावा."